दप्तर कोणाच्या घरात?

गेल्या पावसाळ्यात पुण्याहून एका मुलीचा फोन आला. माझी जुनी विद्यार्थिनी, घरातली पहिली इंजिनिअर. तिने आणि तिच्या तीन मित्रांनी मोठ्या कंपन्यांतल्या नोकऱ्या सोडून लहान पतसंस्थांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर बनवायला घेतले, त्याला तीन वर्षे झाली होती. एरवी हसतखेळत बोलणारी ही पोरगी त्या दिवशी रडवेल्या आवाजात म्हणाली, "सर, सॉफ्टवेअर चालू आहे, पण त्याचे सगळे रेकॉर्ड गेले."

झाले होते ते असे. चौघांपैकी एकजण भांडून बाहेर पडला. कंपनीचा सगळा कोड इंटरनेटवरच्या एका सेवेवर ठेवलेला होता आणि ते खाते सुरुवातीला त्या एकट्याच्या ई-मेलवर उघडलेले होते. का, तर त्या दिवशी लॅपटॉप त्याचा होता, एवढेच! जाताना त्याने खाते बंद केले. कोणी कोणती ओळ कधी बदलली, कशासाठी बदलली, कोणत्या पतसंस्थेची काय तक्रार होती आणि त्यावर काय ठरले, हा तीन वर्षांचा सारा व्यवहार त्या एका खात्यात होता.

मी तिला पहिला प्रश्न विचारला, "गिट वापरत होता ना?"

"हो सर."

"मग तुझ्या लॅपटॉपवर कोडचा सगळा इतिहास आहे. आधी त्याची एक कॉपी बाहेर काढ, मग रड."

अर्ध्या तासाने तिचा परत फोन आला. कोडचा इतिहास अगदी पहिल्या दिवसापासून सापडला होता. तक्रारींची यादी मात्र गेली ती गेलीच. अर्धे का वाचले आणि अर्धे का बुडाले, ते आज लिहायचे आहे. आपल्या वाचकांपैकी कितीतरी घरांतली मुले-मुली आज या धंद्यात आहेत, स्वतःचे काही उभे करू पाहत आहेत. कोणते हत्यार चांगले याचा सल्ला देणारे त्यांना पुष्कळ भेटतात. दप्तर कोणाच्या घरात राहील, हे विचारणारा सहसा भेटत नाही.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सॉफ्टवेअर म्हणजे शेवटी हजारो, लाखो ओळींचा मजकूर. तो अनेक हात रोज बदलत असतात. काल चालत होते ते आज बंद पडले, तर काल आणि आज यांत काय बदलले ते सांगता आले पाहिजे. त्यासाठी प्रत्येक बदलाची तारीख, वार, नाव आणि कारणासह नोंद ठेवणारी जी साधने असतात त्यांना व्हर्जन कंट्रोल म्हणतात. हे काही नवे नाही. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९७२ साली असे पहिले साधन तयार झाले. नंतर आरसीएस आले, सीव्हीएस आले, २००४ मध्ये सबव्हर्जनची पहिली पक्की आवृत्ती आली. ही सारी गावच्या तलाठ्याच्या दप्तरासारखी. फेरफार नोंदवायचा तर तलाठ्याच्या दारात जायचे. त्याचे दार बंद असेल तर तुमचा सातबारा तुमचा असूनही तुमच्या हातात नाही.

हे दप्तर परक्याच्या घरात असले की काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण लिनक्सचे आहे. आज जगातले बहुतेक सर्व्हर आणि अँड्रॉइडचे सगळे मोबाइल ज्या लिनक्सच्या गाभ्यावर चालतात, तो लिनस टॉरव्हाल्ड्स याने १९९१ मध्ये सुरू केला. पहिली दहा वर्षे त्याने कोणतेही व्हर्जन कंट्रोल वापरले नाही. जगभरातले लोक ई-मेलने बदल पाठवत आणि हा गृहस्थ ते एकेक करून आपल्या प्रतीत चिकटवी. काम वाढत गेले तसे चांगले चांगले बदल गळू लागले, माणसे चिडू लागली. मग २००२ मध्ये त्याने बिटकीपर नावाचे साधन स्वीकारले. साधन उत्तम होते, यात वाद नाही. पण ते बिटमूव्हर या खासगी कंपनीचे होते. कंपनीचा मालक लॅरी मॅकव्हॉय याने लिनक्सवाल्यांना ते फुकट दिले. अट अशी की, जो ते फुकट वापरील त्याने त्याच्याशी स्पर्धा करणारे दुसरे साधन बनवायचे नाही.

अट नीट वाचा. दप्तर आमच्याकडे ठेवा, पैसे नकोत, फक्त तुम्ही स्वतः लिहायला शिकू नका! मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे रिचर्ड स्टॉलमन यांनी तेव्हाच याला कडाडून विरोध केला. टॉरव्हाल्ड्सचे म्हणणे व्यवहारी माणसाचे होते. काम होते आहे ना, मग झाले. तीन वर्षे काम झालेही. मग ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ट्रिजेल या प्रोग्रामरने बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलणारे स्वतःचे साधन बनवायला घेतले. सांबा हे प्रसिद्ध सॉफ्टवेअर याच माणसाचे. कंपनीने याला आपल्या तंत्राची चोरी ठरवले आणि एप्रिल २००५ मध्ये फुकटची परवानगी काढून घेतली. त्याच महिन्यात कॅनबेरातल्या एका परिषदेत ट्रिजेलने भर सभेत दाखवून दिले की, आपण फक्त सर्व्हरला जोडून घेतले आणि 'हेल्प' हा शब्द टाइप केला. सर्व्हरने स्वतःच आज्ञांची यादी छापून दिली. चोरी म्हणतात ती एवढी! (सगळा प्रकार एका शब्दात आटोपत नाही, हे मलाही समजते, पण सभेला जे समजायचे ते समजले.)

हजारो लोकांचे काम एका रात्रीत अडले. टॉरव्हाल्ड्सने ३ एप्रिलला नव्या साधनाचे काम सुरू केले आणि ७ एप्रिलला ते साधन आपला स्वतःचाच कोड सांभाळू लागले. त्याचे नाव गिट. जूनमध्ये लिनक्सची २.६.१२ ही आवृत्ती गिटवर निघाली. जुलैमध्ये त्याने गिटचा कारभार जुनिओ हमानो या प्रोग्रामरकडे सोपवला आणि हमानो तो तेव्हापासून सांभाळत आले आहेत. याच एप्रिल महिन्यात, याच भांडणातून, मर्क्युरिअल हे दुसरे चांगले साधन जन्माला आले. आणि बिटकीपर? मे २०१६ मध्ये त्याचा कोड सर्वांसाठी खुला झाला. तोवर विचारणारे कोणी उरले नव्हते.

या कथेतला एक तपशील सहसा सांगितला जात नाही. आजही लिनक्सच्या एखाद्या जुन्या ओळीवर बोट ठेवून ही कोणी लिहिली असे गिटला विचारले, तर पुष्कळदा उत्तर एप्रिल २००५ च्या पहिल्या नोंदीवर येऊन थांबते. टॉरव्हाल्ड्सने त्या घाईत आधीचा इतिहास नव्या दप्तरात आणलाच नाही आणि आणत नसल्याचे त्या नोंदीतच लिहून ठेवले. जुना इतिहास नंतर लोकांनी वेगळा उभा करून ठेवला आहे, पण मुख्य दप्तरात ती रेघ कायमची आहे. जिथे करार मोडला तिथे आठवण तुटली.

आता गिटचा गुण काय तो पाहा. गिटमध्ये ज्याने प्रकल्पाची प्रत घेतली त्याच्याकडे सगळा इतिहास येतो. जणू गावातल्या प्रत्येक घरात अख्खे दप्तर. शिवाय प्रत्येक नोंदीत तिच्या आधीच्या नोंदीचा ठसा असतो. मागची एक ओळ गुपचूप बदलायची म्हटले, तर पुढचे सगळे ठसे बदलतात आणि दुसऱ्याच्या घरातल्या प्रतीशी मेळ बसेनासा होतो. २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी या ठशामागचे एसएचए-१ हे जुने गणित फोडता येते हे दाखवले. त्यानंतर गिटमध्ये असा घाला ओळखण्याची सोय झाली आणि अधिक मजबूत ठशाकडे वाटचाल सुरू झाली. माझ्या विद्यार्थिनीचे अर्धे काम वाचले ते या रचनेमुळे.

मग उरलेले अर्धे का बुडाले? कारण हत्यार सर्वांच्या घरी दप्तर देणारे घेतले, आणि मग सगळे जाऊन पुन्हा एकाच वाड्याच्या पायरीवर बसले. गिटहब २००८ मध्ये सुरू झाले. सोय अशी की नाही म्हणवेना. पण तिथे फक्त कोड राहत नाही. तक्रारी राहतात, चर्चा राहतात, कोणाला कोणता अधिकार ते राहते, आणि यातले काहीही तुमच्या लॅपटॉपवरच्या प्रतीत येत नाही. जून २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ७५० कोटी डॉलरला गिटहब विकत घेत असल्याचे जाहीर केले तेव्हा पुष्कळ आरडाओरड झाली. मला वाटते ओरड चुकीच्या दिवशी झाली. ती व्हायला हवी होती जुलै २०१९ मध्ये. अमेरिकी सरकारच्या निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या प्रोग्रामरांची खाती तेव्हा आखडली गेली आणि आपल्याच खासगी प्रकल्पांपर्यंत पोहोचणे त्यांना अवघड होऊन बसले. त्यांचा गुन्हा काय? पत्ता. इराणच्या लोकांसाठी अमेरिकी परवाना मिळून ही सेवा पूर्ववत व्हायला जानेवारी २०२१ उजाडले.

हे परदेशातले म्हणून सोडून देऊ नका. डिसेंबर २०१४ च्या अखेरीस भारत सरकारच्या आदेशाने ३२ संकेतस्थळे बंद करण्यात आली. दहशतवादी मजकुराचे कारण दिले गेले. त्या यादीत गिटहबचा एक विभाग होता, सोर्सफोर्ज होते, इंटरनेट अर्काइव्हही होते. काही दिवसांत बंदी उठत गेली, पण दार कोणाच्या हातात आहे हे त्या आठवड्यात आपल्याकडच्या प्रोग्रामरांनी पाहिले.

आणि दार नेहमी सरकारच लावते असे नाही. धंद्याचे गणित बदलले तरी ते लागते. गूगलने २००६ मध्ये उघडलेले गूगल कोड जानेवारी २०१६ मध्ये बंद केले. बिटबकेट मर्क्युरिअलसाठी प्रसिद्ध होते. त्यांनी २०१९ मध्ये मर्क्युरिअल सोडत असल्याचे जाहीर केले आणि २०२० मध्ये ते सारे प्रकल्प काढून टाकले. फ्रान्सच्या इन्रिया संस्थेने २०१६ मध्ये जगापुढे आणलेल्या सॉफ्टवेअर हेरिटेज या संग्रहाने यातले पुष्कळ उचलून जपले, म्हणून ते जगाला पाहता तरी येते. गिटलॅबचे तर ३१ जानेवारी २०१७ ला केवळ एका थकलेल्या हाताच्या चुकीने घडले. चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा गेली, सुमारे सहा तासांच्या नोंदी गेल्या आणि बॅकअपच्या पाच वाटांपैकी एकही धड चालत नव्हती असे निघाले. लोकांचा कोड सुरक्षित राहिला. तक्रारी आणि चर्चा गेल्या. म्हणजे माझ्या पोरीचेच दुखणे! या कंपनीने एक मात्र केले. आपली चूक लपवली नाही, सगळे जगासमोर मांडले. असा कारभार करणारे थोडेच.

आता कोड शोधण्याच्या साधनांकडे येतो. हा विषय दुय्यम समजला जातो आणि मला तसे वाटत नाही. कंपनीत नव्याने लागलेली मुलगी डोळ्यांपुढे आणा. पाच लाख ओळींचा कोड तिच्या पुढ्यात टाकलेला आहे. ज्यांची कॉलेजची ओळख आहे, ज्यांची मोठ्या साहेबांबरोबर चहाला ऊठबस आहे, ते एका प्रश्नात उत्तर घेऊन येतात. हिला विचारायला कोणी नाही, आणि विचारले तर 'एवढेही येत नाही' अशी नजर मिळेल ही धास्ती. तिच्यासाठी शोधाचे साधन हाच वरिष्ठ सहकारी. व्याजाचा दर कुठे ठरतो, हे तिला कोडलाच विचारता आले पाहिजे.

गूगलने ऑक्टोबर २००६ मध्ये जगभरचा खुला कोड शोधून देणारी सेवा सुरू केली आणि जानेवारी २०१२ मध्ये ती बंद केली. पुन्हा तेच. पण या वेळी एक चांगली गोष्ट घडली. ती सेवा बांधणारा रस कॉक्स या तरुणाने बंद होण्याच्याच महिन्यात तिचे तंत्र लिहून काढले आणि चालणारा प्रोग्रामही खुला करून दिला. तंत्र सोपे आहे. मजकुराचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे पाडायचे आणि कोणता तुकडा कोणत्या फाइलमध्ये आहे याची, पुस्तकाच्या शेवटी असते तशी, सूची करून ठेवायची. शोध आला की आधी सूची पाहायची आणि मोजक्याच फाइली उघडायच्या. पुढे झूक्ट या साधनाने हीच वाट धरली. सन मायक्रोसिस्टिम्समधून निघालेले ओपनग्रोक २००५ पासून आहे, आजही स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते. सोर्सग्राफ हे मोठ्या कंपन्यांचे आवडते साधन २०१८ मध्ये खुले झाले, आणि २०२४ मध्ये त्याचा मुख्य कोड पुन्हा बंद दाराआड गेला. हे वाचून कोणाला बिटकीपरची आठवण झाली तर नवल नाही.

पण चार माणसांच्या प्रकल्पाला यातले काहीच लागत नाही. गिटच्या पोटातच गिट ग्रेप आहे. २०१६ मध्ये आलेले रिपग्रेप साध्या लॅपटॉपवर लाखो ओळी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच चाळते. आणि गिट लॉगला एस हा मोठ्या लिपीतला स्विच दिला तर एखादा शब्द कोडमध्ये कधी आला आणि कधी गेला हे काळात मागे जाऊन शोधता येते. दहा-दहा वर्षे नोकरी केलेल्यांनाही हे ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम लिहिले.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. फाइलचे नाव देवनागरीत ठेवले की गिट ते तिरक्या रेघा आणि आकड्यांच्या जंजाळात दाखवते. घाबरू नका, 'कोअर डॉट कोटपाथ' ही सेटिंग फॉल्स करा, नाव सरळ दिसेल. दुसरी गोष्ट जास्त छळते. 'दुसऱ्या' या शब्दातला ऱ दोन-तीन वेगवेगळ्या प्रकारे टाइप होतो. डोळ्यांना जवळजवळ सारखेच दिसते, संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. एकाने एका कीबोर्डवर लिहिलेला संदेश दुसऱ्याच्या शोधात सापडतच नाही. टीममध्ये एकच पद्धत ठरवून घ्या. हे साधन बनवणाऱ्यांनी आपल्या भाषेचा विचार केला नव्हता. आपण तरी करावा.

गिटच घ्या असा माझा हट्ट नाही. ज्यांच्या कामात मोठी चित्रे, व्हिडिओ, डिझाइनच्या फाइली आहेत त्यांची गिटमध्ये दमछाक होते. खेळ बनवणाऱ्या कंपन्या पैसे मोजून परफोर्स वापरतात ते उगीच नव्हे. फाइलला कुलूप लावून एकानेच काम करायचे असेल तर जुने सबव्हर्जन आजही भले आहे, फक्त त्याचा एकुलता एक सर्व्हर जपावा लागतो. आणि मोठ्या कंपन्यांची नक्कल करू नका. गूगलने २०१५ मध्ये सुमारे २०० कोटी ओळी एकाच भांडारात ठेवल्या होत्या, पण त्यासाठी त्यांनी स्वतःचे साधन बांधले. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये ३०० जीबीचे विंडोज गिटवर नेले तेव्हा त्यांनाही गिटच्या खाली वेगळी यंत्रणा बांधावी लागली. तुमच्या पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरला त्यातले काय लागणार?

घेण्याआधी मात्र एक दिवस काढा आणि साधन सोडून जाण्याची तालीम करा. सगळे बाहेर काढा, तक्रारी आणि चर्चांसकट, दुसऱ्या मशीनवर उभे करा आणि चालते का पाहा. जे बाहेर निघत नाही ते तुमचे नाही असे समजून चाला. खाते एका माणसाच्या नावावर ठेवू नका, मग तो कितीही जवळचा असो. जवळच्याच माणसाचे खाते होते, ही गोष्ट वर आलीच आहे. गिटहब वापरायचे तर खुशाल वापरा, मीही वापरतो. पण आरसा घरी ठेवा. फॉर्जेजो नावाचे खुले साधन जुन्या डेस्कटॉपवरही चालते.

पुण्याच्या त्या ऑफिसात गेल्या महिन्यात जाऊन आलो. कोपऱ्यात एक जुना डेस्कटॉप आहे, त्यावर रोज रात्री आरसा तयार होतो. दर शनिवारी सगळा इतिहास एका फाइलीत बांधून डिस्कवर घेतात आणि ती डिस्क पाळीपाळीने एकेकाच्या घरी जाते. नवी तक्रार आली की ती आता कोडशेजारीच साध्या फाइलीत, मराठीत लिहितात.

मी गेलो तेव्हा ती एका चुकीवर अडली होती. मुदतठेवीच्या व्याजात काही पैशांचा फरक येत होता. तिने गिटला ती ओळ विचारली. उत्तर लगेच आले, दोन वर्षांपूर्वीचे, तिचेच नाव, आणि कारणाच्या जागी तिनेच लिहिलेले तीन शब्द. 'तक्रार ११२ दुरुस्त.' ११२ मध्ये काय होते ते चौघांपैकी तिघांना आठवेना. चौथ्याला फोन करावा का, यावर त्यांची चर्चा चालू होती.